घरच्या घरी स्लीप ॲप्नियाची चाचणी : तयारी, रिपोर्ट आणि पुढचे उपाय

रातवा

स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडण्याचा विकार, आहे का ते बघायला घरी करायच्या स्लीप स्टडीबद्दल इथे बऱ्याच धाग्यांवर तुकड्या-तुकड्यांत लिहिलं गेलंय. बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. रिपोर्ट हातात येतो, त्यावर तासाला किती वेळा श्वास अडला याचा एक आकडा असतो. तो पाचच्या खाली असला की 'काही नाही' आणि तीसच्या वर असला की 'मशीन घ्या'. मधलं सगळं राहून जातं. म्हणून चाचणी कशी होते, कुठे फसते आणि रिपोर्टमध्ये काय वाचायचं ते आधी लिहितो. उपायांवर जाणकारांनी प्रतिसादांत भर घालावी.

आधी चाळणी. डॉक्टर मंडळी 'स्टॉप-बँग' नावाची आठ प्रश्नांची यादी वापरतात: मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा किंवा झोप, श्वास थांबल्याचं दुसऱ्या कुणी पाहिलेलं असणं, रक्तदाब, बीएमआय ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंमीच्या वर आणि पुरुष असणं. प्रत्येकी एक गुण. २ पर्यंत धोका कमी, ३-४ मध्यम, ५ आणि पुढे जास्त. बीएमआयचा गुण नाही म्हणून निर्धास्त राहू नका. जबडा लहान किंवा मागे असेल तर सडपातळ माणसालाही ॲप्निया होतो. बायकांमध्ये घोरण्यापेक्षा सकाळचं डोकं दुखणं, वारंवार झोप मोडणं, दिवसभर मरगळ असं चित्र जास्त दिसतं, आणि पाळी गेल्यानंतर धोका वाढतो.

घरी देतात ते उपकरण बहुधा 'लेव्हल ३' असतं. त्यात नाकातली नळी (हवेच्या दाबातला फरक मोजते), छातीवर आणि पोटावर पट्टे, बोटावर ऑक्सिमीटर आणि कुशीची नोंद. काही सुटसुटीत उपकरणांत पट्टा एकच असतो. मेंदूच्या लहरी मोजत नाहीत, म्हणजे माणूस झोपलाय की जागा ते उपकरणाला कळत नाही. पुढच्या बऱ्याच गोंधळाचं मूळ या एका गोष्टीत आहे. लेव्हल १, म्हणजे लॅबमधली पॉलिसोम्नोग्राफी, त्यात डोक्यावर, डोळ्यांजवळ, हनुवटीवर आणि पायांवर इलेक्ट्रोड लावून तंत्रज्ञ रात्रभर बसतो.

त्या रात्री काय करायचं:

नखांवरचं नेलपॉलिश काढा. बोटावर गडद मेंदी असेल तर मेंदी नसलेलं बोट निवडा. नळीची दोन छोटी टोकं दोन्ही नाकपुड्यांत, त्यांचा वाक खालच्या बाजूला येईल अशी बसवा, नळी कानांवरून घेऊन हनुवटीखाली सरकमणी ओढा आणि दोन्ही गालांवर मायक्रोपोरची पट्टी लावा. ही पट्टी किटमध्ये नसते बऱ्याचदा, दहा-वीस रुपयांत औषधाच्या दुकानात मिळते, आणि चाचणी वाचवते. छातीचा पट्टा काखेच्या खालच्या पातळीवर, पोटाचा बेंबीच्या पातळीवर. उभं राहून घट्ट केलेला पट्टा आडवं पडल्यावर सैल होतो, म्हणून शेवटचं ताणणं पलंगावर पडून करा. ऑक्सिमीटरची वायर मनगटाजवळ चिकटवून ठेवा, म्हणजे कूस बदलताना बोटातून निघत नाही. मिशा दाट असतील तर नळीच्या खाली चिकटपट्टी टिकत नाही, ती गालावरच लावावी.

झोप नेहमीच्या वेळी, नेहमीच्या पलंगावर. उशी तीच. दारू शक्यतो नको, झोपेची गोळी रोजची असेल तर डॉक्टरांनी बंद करायला सांगितली असेल तरच बंद करा, आणि घेतली असेल तर फॉर्मवर लिहा. रात्री उठून बाथरूमला जाताना काही काढू नका. फक्त पट्ट्याच्या बकलमधून मुख्य पेटी सुटत नाही ना एवढं बघा. फार कमी झोप लागली असं सकाळी वाटलं तर तेही लिहून द्या.

निदान ४ तास तरी वापरण्याजोगी नोंद हवी, म्हणजे प्रवाह आणि ऑक्सिजन दोन्ही नीट आलेले. त्याखाली असेल तर ती चाचणी पुन्हा करावी. 'जेवढं आलं त्यावर काढतो' असं सेंटरवाला म्हणाला तरी मान्य करू नका.

रातवा

रिपोर्ट वाचण्याबद्दल दुसरा भाग, पहिला लांबला म्हणून.

ॲप्निया म्हणजे हवेचा प्रवाह किमान ९० टक्क्यांनी घटून १० सेकंद किंवा जास्त तसाच राहणं. हायपॉप्निया म्हणजे किमान ३० टक्के घट, १० सेकंद, आणि सोबत ऑक्सिजन ३ टक्के घसरणं (किंवा झोप मोडणं, पण ते घरी कळत नाही). काही ठिकाणी ३ ऐवजी ४ टक्क्यांचा नियम लावतात. त्याच रात्रीची नोंद ३ टक्क्यांच्या नियमाने १७ आणि ४ टक्क्यांच्या नियमाने ९ येऊ शकते. रिपोर्टवर कुठला नियम लावला ते छापलेलं असतं, बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात.

दोन्ही प्रकारच्या घटना मिळून तासाला ५ च्या खाली सर्वसाधारण, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र.

आता लहरी न मोजण्याचा परिणाम बघा. समजा ८ तास नोंद झाली आणि त्यात ९६ घटना आल्या. रिपोर्ट म्हणणार १२, सौम्य. पण त्या ८ तासांत झोप ६ तासच लागली असेल तर खरा आकडा १६, मध्यम. म्हणून घरच्या चाचणीतल्या आकड्याला खरं तर आरईआय (नोंदीच्या तासामागे घटना) म्हणतात, एएचआय (झोपेच्या तासामागे घटना) नाही, आणि तो खऱ्यापेक्षा कमीच दाखवण्याकडे झुकतो. लक्षणं ठळक असताना घरची चाचणी स्वच्छ आली तर लॅबची करून घ्यावी, ॲप्निया नाही असा निष्कर्ष काढू नये. उलट बाजूने, घरचा आकडा २८ आला आणि नोंद चांगली आहे, तर निदान पक्कं करायला लॅबमध्ये पुन्हा झोपायची सहसा गरज नसते.

आकड्याशेजारी आणखी चार गोष्टी बघा: ऑक्सिजन ९० च्या खाली एकूण किती वेळ होता, किमान ऑक्सिजन किती गेला, पाठीवर झोपलेला असताना आणि कुशीवर असताना वेगवेगळा आकडा किती, आणि सेंट्रल घटना किती. सेंट्रल म्हणजे मार्ग मोकळा असतो पण मेंदूकडून श्वासाची आज्ञाच येत नाही. पट्ट्यांवरून ते कळतं.

शेंगदाणा_चटणी

वाचनखूण साठवली. एक शंका: पाचशे रुपयांचा बोटावरचा ऑक्सिमीटर आणि स्मार्टवॉच मिळून काम भागत नाही का?

आठवी_वाहिनी

भागत नाही. बोटावरचा साधा ऑक्सिमीटर त्या क्षणीचा आकडा दाखवतो, नोंद ठेवत नाही. रात्रभर नोंद ठेवणारे वेगळे असतात, मनगटावर पेटी आणि बोटात मऊ रबरी टोपी असते. त्यातून तासाला किती वेळा ऑक्सिजन घसरला हे कळतं. ते चाळणी म्हणून ठीक. पण ऑक्सिजन फारसा न घसरता झोप मोडणाऱ्या घटना त्यात येतच नाहीत, आणि तरुण, सडपातळ माणसात अशाच घटना जास्त असतात. शिवाय गडद त्वचेवर ऑक्सिमीटर ऑक्सिजन थोडा जास्त दाखवू शकतो.

घड्याळांचं म्हणाल तर २०२४ मध्ये सॅमसंग आणि ॲपल दोघांच्या ॲप्निया सूचनेला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगी दिली. ती 'डॉक्टरांना भेटा' इतपत सूचना आहे. घड्याळाने काही सांगितलं नाही म्हणून चाचणी टाळणं चुकीचं.

इस्त्री_कापड

एका सदस्याने व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलंय, इथे टाकते म्हणजे सगळ्यांना उपयोग होईल. घरातले ज्येष्ठ ६९ वर्षांचे, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) आहे, प्रोस्टेटसाठी गोळी चालू. सेंटरने बोटात टोपी आणि छातीवर बिल्ला असलेलं उपकरण सुचवलंय. चालेल का?

आठवी_वाहिनी

ते उपकरण बोटातल्या रक्तवाहिन्यांच्या आकुंचनावरून अंदाज बांधतं. श्वास अडून सुटला की सिंपथेटिक मज्जासंस्था चेतते, बोटातल्या रक्तवाहिन्या आवळतात, ठोका वाढतो. त्या जोडीवर सगळी गणितं. ठोकेच अनियमित असतील तर हे गणित डळमळतं. प्रोस्टेटच्या बऱ्याच गोळ्या अल्फा ब्लॉकर वर्गातल्या असतात, आणि त्या नेमकं हे आकुंचनच दाबतात. छातीत दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्यांनाही तीच अडचण. तेव्हा सेंटरला दोन्ही गोष्टी आधी सांगा. यांना नळी-पट्टे असलेलं उपकरण तरी हवं, नाहीतर थेट लॅब.

घरची चाचणी कुणासाठी नाही तेही सांगून टाकतो: हृदय किंवा फुप्फुसाचा मोठा आजार, स्नायूंचा अशक्तपणा आणणारा आजार, पूर्वी झालेला अर्धांगवायूचा झटका, दीर्घकाळ अफूजन्य वेदनाशामक, तीव्र निद्रानाश, आणि जागेपणीही कार्बन डायऑक्साइड साचत असल्याची शंका. आणि लहान मुलं. त्यांच्यात तासाला १ घटनाही सर्वसाधारण धरत नाहीत, मोठ्यांचे आकडे लावूच नका. मुलांमध्ये बहुधा टॉन्सिल आणि ॲडेनॉइड मोठे असतात आणि ते काढणं हाच पहिला उपाय असतो.

पॉलिग्राफ

रातवा, चांगलं लिहिलंय. पण एक मुद्दा तुम्ही सौम्यपणे घेतलात. बरीच सेंटरं नोंद संगणकात टाकतात, 'ॲनालाइज' दाबतात आणि निघालेला कागद सही करून देतात. हाताने स्कोरिंग, म्हणजे माणसाने नोंद बघून घटना मोजणं, होत नाही. तोंडाने श्वास घेणाऱ्या माणसाच्या नाकातल्या नळीत प्रवाह जवळजवळ सपाट दिसतो. संगणक त्याला ओळीने ॲप्निया म्हणतो. ऑक्सिजन मात्र ९६ वर ढिम्म. असा ४१ आकड्याचा कागद घेऊन माणूस मशीनच्या दुकानात जातो. उलटंही होतं: नळी नाकातून निघाली, पुढची दोन तासांची नोंद कोरी, पण भागाकारात ते दोन तास धरलेले.

म्हणून रिपोर्ट घेताना विचारा: हाताने तपासला का, कुणी सही केली, आणि पाच-पाच मिनिटांच्या तुकड्याची दोन पानं छापून द्याल का. प्रवाह सपाट, दहा-वीस सेकंदांनी ऑक्सिजनची दरी, मग घोरून मोठा श्वास, ही लय एकदा पाहिली की कुणालाही ओळखू येते. दरी थोडी उशिरानेच येते, कारण फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो. वेगवेगळ्या रेषा एकमेकींशी जुळत नसतील तर शंका घ्यायला जागा आहे.

रातवा

मान्य. फक्त 'दुकानात' शब्दावर अडतो. मशीन विकणाऱ्याकडेच फुकट चाचणी करून घेऊ नये, हे स्पष्ट लिहायला हवं होतं. चाचणी एकाकडे, सल्ला छातीरोग किंवा झोपेच्या डॉक्टरांकडे, खरेदी तिसरीकडे.

मुखवटा

सीपॅपवर, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या मशीनवर लिहितो. सीपॅप सोडून दिलेली माणसं बघितली तर मशीन वाईट म्हणून सोडणारे थोडे; मास्क आणि दाबाची सेटिंग यांनी घात केलेला असतो.

कल्पना साधी आहे. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन यांनी नाकातून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवता येतो हे दाखवलं. आजही तत्त्व तेच. दाब पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात, घरच्या मशीनचा पल्ला ४ ते २०. ऑटो मशीन त्या पल्ल्यात स्वतः वरखाली होतं.

इथे पहिली गफलत. मशीन पेटीतून निघतं तेव्हा ४ ते २० वरच असतं, आणि बरेच विक्रेते तसंच चालू करून देतात. ४ वर मोठ्या माणसाला हवा अपुरी वाटते, गुदमरल्यासारखं होतं, आणि घटना सुरू झाल्यावर मशीनला वर चढायला वेळ लागतो. आठवडाभर वापरून ९५ टक्के वेळ कुठल्या दाबाच्या आत गेला ते बघतात आणि डॉक्टर पल्ला आवळून देतात. समजा तो आकडा ११ आला, तर ७ ते १४ असं काहीतरी. हे परस्पर करू नका, पण 'आठवड्यानंतर पल्ला आवळणार ना?' असं नक्की विचारा.

श्वास सोडताना दाब उतरवणारी सोय असते (रेसमेड कंपनीच्या मशीनमध्ये ईपीआर, १ ते ३). मशीन ४ च्या खाली जात नाही, त्यामुळे किमान दाब ४ ठेवून ईपीआर ३ लावला तर तळाला तो कामच करत नाही.

मास्क तीन प्रकारचे: नाकपुड्यांना टेकणाऱ्या उशा, नाकावरचा, आणि नाक-तोंड दोन्हींवरचा. तोंड उघडं राहतं म्हणून विक्रेते सरसकट तिसरा देतात. तो मोठा, गळती जास्त, पट्टे जास्त आणि दाबही बहुधा जास्त लागतो. नाक बंद असेल तर आधी नाकावर इलाज करा: मिठाच्या पाण्याने धुणं, डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइड स्प्रे. मग नाकाचा मास्क चालतो का बघा.

बसवण्याची पद्धत: मशीन चालू, दाब चढलेला, आणि तुम्ही आडवे. बसून आरशात बघून घट्ट केलेला मास्क कुशीवर हमखास गळतो. आधी पट्टे सैल, मास्क चेहऱ्यापासून थोडा ओढून सोडा म्हणजे सिलिकॉनची आतली पाळ हवेने फुगते. मग दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे ओढा. पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत. गळती झाली की लोक आवळतात, त्याने पाळ दबते आणि गळती वाढते, नाकाच्या हाडावर लाल चट्टा उठतो तो वेगळाच. चट्टा उठत असेल तर मास्कचा आकार चुकलाय.

दाढी-मिशा असतील तर नाकपुड्यांच्या उशा सगळ्यात सोप्या. चेहऱ्याला तेल किंवा क्रीम लावून मास्क घालू नका, सिलिकॉन घसरतं आणि लवकर पिवळं पडतं.

काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाचे हुक असतात. रुग्णाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर, डोक्यात शंट किंवा तत्सम काही बसवलेलं असेल तर चुंबकाचा मास्क घेऊ नका.

बोरवेल

ह्युमिडिफायरमध्ये (मशीनची हवा ओलसर करणाऱ्या टाकीत) पाणी कुठलं? आमच्याकडे बोअरचं पाणी जड, बादल्यांना पांढरे थर. आरओचं चालेल? की बॅटरीचं?

मुखवटा

आरओमध्ये क्षार कमी होतात, शून्य होत नाहीत. अडीअडचणीला एखाद्या रात्री चालेल. रोजसाठी सीलबंद डिस्टिल्ड वॉटर, औषधाच्या दुकानात मागवून मिळतं. पेट्रोल पंपावरचं सुट्टं बॅटरीचं पाणी घेऊ नका. कुठल्या डब्यात आधी काय होतं याचा भरवसा नसतो आणि ती हवा थेट फुप्फुसात जाते. थर जमला असेल तर एक भाग पांढरा व्हिनेगर, नऊ भाग पाणी, अर्धा तास, मग भरपूर पाण्याने धुणं.

उरलेलं पाणी सकाळी ओतून टाकी उघडी ठेवा. मास्कची गादी रोज साबणाच्या साध्या पाण्याने, नळी आठवड्यातून एकदा. उन्हात वाळवू नका, सावलीत. ओझोन सोडणारी 'क्लीनर' यंत्रं विकतात, ती घेऊ नयेत.

कोकणात पावसाळ्यात ह्युमिडिफायर १-२ वर किंवा बंदच. डिसेंबरात नाशिक-नागपूरकडे ४-५ लागतो. थंडीत नळीत पाणी साचून चेहऱ्यावर थेंब येत असतील तर मशीन पलंगाच्या पातळीखाली ठेवा, नळी पांघरुणातून घ्या, ओलावा एक घर कमी करा. भरलेली टाकी आत असताना मशीन उचलून तिरकं करू नका, पाणी मोटरमध्ये जातं.

दंडुका

सीपॅप लावल्यावर पोटात हवा भरते, सकाळी ढोल झालेला असतो अशी तक्रार ऐकू येते. त्यावर काय?

मुखवटा

हवा अन्ननलिकेत जाते. कमाल दाब जास्त असेल तर कमी करता येतो का ते डॉक्टर बघतात, ईपीआर वाढवतात, डोक्याकडची बाजू थोडी उंच करतात. रात्रीचं जेवण लवकर. गळती कमी केली की बऱ्याचदा दाबही उतरतो, कारण गळती सुरू झाली की ऑटो मशीनचा अंदाज चुकतो.

ओसाड_गाव

मशीनच्या पडद्यावर सकाळी हसरा चेहरा येतो त्यावर भिस्त ठेवू नका. मशीनमध्ये एसडी कार्ड घाला. कार्ड नसेल तर सविस्तर नोंद साठतच नाही. संगणकावर ऑस्कर नावाची मोफत प्रणाली मिळते, ती कार्डावरची नोंद आलेखात दाखवते. कार्ड संगणकात घालण्याआधी कडेची छोटी कडी 'लॉक'कडे सरकवा, नाहीतर संगणक कार्डावर स्वतःच्या फायली लिहितो. परत मशीनमध्ये घालताना कडी उघडा.

तीन गोष्टी बघा. उरलेला एएचआय ५ च्या खाली हवा. गळती: रेसमेडमध्ये मिनिटाला २४ लिटरची रेघ असते, तिच्या खाली. फिलिप्स एकूण गळती दाखवतं, त्यात मास्कच्या भोकांतून मुद्दाम सोडलेली हवाही येते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवू नका. तिसरं, 'क्लिअर एअरवे' घटना, म्हणजे मार्ग मोकळा असूनही श्वास थांबणं. सुरुवातीच्या आठवड्यांत त्या वाढलेल्या दिसतात, बहुतेकांच्या पुढे आपोआप ओसरतात. तीन महिन्यांनीही तासाला पाच-दहा येत असतील तर आलेख घेऊन डॉक्टरांकडे.

हृदयाची पंपिंग क्षमता ४५ टक्के किंवा कमी असेल आणि सेंट्रल ॲप्निया असेल तर एएसव्ही (श्वासागणिक दाब बदलणारं) प्रकारचं मशीन घेऊ नये. २०१५ च्या सर्व्ह-एचएफ चाचणीत अशा रुग्णांत मृत्यू वाढलेले दिसले. जुनं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून उचलताना हे तपासा.

पॉलिग्राफ

जुन्या मशीनवरून: १४ जून २०२१ ला फिलिप्सने पहिल्या पिढीची ड्रीमस्टेशन आणि इतर बरीच मशीनं परत बोलावली. आवाज दाबायला घातलेला फोम झिजून त्याचे कण हवेत येत होते. ओझोनने ही झीज वाढते. ओएलएक्सवर ती अजून दिसतात. दुरुस्त केल्याचा कागद नसेल तर हात लावू नका. दुसऱ्या कुठल्याही वापरलेल्या मशीनवर चालू तासांचा आकडा मेनूत दिसतो, तो मागा. मास्क, नळी, फिल्टर मात्र नवेच.

दात_कोरून

प्रत्येकाला मशीन लागत नाही हेही लिहायला हवं. सौम्य ते मध्यम ॲप्निया, किंवा सीपॅप अजिबात सहन होत नाही अशांना दातांत बसवायचं उपकरण: खालचा जबडा पुढे धरून ठेवतं, त्याबरोबर जीभ पुढे येते आणि घशात जागा होते. प्रत्येक जबड्यात साधारण ८ ते १० पक्के दात हवेत, हिरड्या धड हव्यात. जास्तीत जास्त जबडा पुढे जितका येतो त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करून आठवड्यागणिक अर्धा-अर्धा मिलिमीटर पुढे सरकवतात. म्हणजेच स्क्रू किंवा पट्ट्यांनी बदलता येणारं हवं. गरम पाण्यात मऊ करून दात उमटवायचे ऑनलाइन तुकडे मिळतात, त्यांवर हा टप्प्याटप्प्याचा बदल नीट होत नाही आणि दाढांवर भलताच ताण येतो.

सकाळी अर्धा तास दात नीट जुळत नाहीत, ते अपेक्षित आहे. दंतवैद्य एक छोटा चावा-पट्टीचा तुकडा देतात, तो चावून जबडा जागेवर आणायचा. काही वर्षांत दातांची ठेवण थोडी बदलू शकते. आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: उपकरण बसल्यावर ते घालून पुन्हा घरची चाचणी करा. घोरणं थांबतं पण ॲप्निया शिल्लक राहतो असं होतं.

कुशीबदल

पाठीवर आणि कुशीवरचा आकडा वेगळा काढा असं वर रातवा म्हणाले ते याच्यासाठी. पाठीवरचा दुप्पट किंवा जास्त, आणि कुशीवरचा ५ च्या आत, असं असेल तर पाठीवर न झोपू देणारा पट्टा पुरू शकतो. टी-शर्टच्या पाठीला खिसा शिवून टेनिसचा चेंडू हा जुना उपाय. पहिल्या महिन्यानंतर लोक तो काढून फेकतात. पाठीवर आलं की थरथरणारे पट्टे जरा जास्त टिकतात.

शेंगदाणा_चटणी

आणि वजन? ऑपरेशन?

आठवी_वाहिनी

वजनाचा परिणाम मोजलेला आहे: विस्कॉन्सिनच्या २००० सालच्या पाहणीत १० टक्के वजन घटलेल्यांचा एएचआय सरासरी २६ टक्के उतरला, १० टक्के वाढलेल्यांचा ३२ टक्के चढला. म्हणजे ४० असलेला ३० वर येईल, सुटका नाही. टिर्झेपटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत लठ्ठपणासह मध्यम-तीव्र ॲप्नियासाठी मान्यता मिळाली. चाचण्यांत तासाला २५ ते २९ घटना कमी झाल्या, तुलनेच्या गटात सुमारे ५. भारतात ते मार्च २०२५ मध्ये मधुमेह आणि वजनासाठी बाजारात आलं. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नको, आणि वजन उतरेपर्यंत सीपॅप सोडायचा नाही.

ऑपरेशन म्हणजे काही एक गोष्ट नाही. नाकाचं हाड सरळ करून ॲप्निया जात नाही, पण सीपॅपचा दाब सोसवतो. मोठे टॉन्सिल असतील तर ते काढून मोठ्यांतही चांगला फरक पडतो. पडजीभ आणि टाळू कापण्याच्या ऑपरेशनआधी गुंगीत दुर्बिणीने घसा नेमका कुठे मिटतो ते बघून घ्यावं. जिभेच्या मुळाशी मिटत असेल तर टाळू कापून काय होणार? दोन्ही जबडे पुढे आणण्याचं ऑपरेशन परिणामकारक आहे, तितकंच मोठंही. जिभेच्या नसेला झटके देणारं उपकरण अमेरिकेत २०१४ पासून मान्य आहे, फार महाग.

दुसऱ्या कुठल्याही ऑपरेशनला जाताना भूलतज्ज्ञांना ॲप्नियाबद्दल सांगा आणि स्वतःचं मशीन सोबत न्या.

खवचट_काका

हे सगळं करून हार्ट अटॅक टळतो का, ते कुणी सांगेल? की नुसता पन्नास-साठ हजारांचा पंखा?

पॉलिग्राफ

काका, प्रश्न रास्त आहे. २०१६ च्या सेव्ह चाचणीत आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेले २,७१७ लोक घेतले होते. सीपॅपने पुढचे झटके कमी झाले नाहीत. पण रात्री सरासरी वापर ३.३ तास होता, आणि दिवसा फार झोप येणाऱ्यांना घेतलंच नव्हतं. दिवसाची झोप, गाडी चालवताना लागणारी डुलकी आणि रक्तदाब यांवर फायदा दिसतो. हृदयाचं आश्वासन देऊन मशीन विकणाऱ्याला मात्र हा प्रश्न जरूर विचारा.

इस्त्री_कापड

खर्च आणि विमा यावर?

ओसाड_गाव

ऑटो मशीन ढोबळमानाने तीस हजारांपासून ऐंशी-नव्वद हजारांपर्यंत, मास्क वेगळा. आधी महिनाभर भाड्याने घ्या, मास्क स्वतःचा विकत घेऊन. विमा पॉलिसीत न मिळणाऱ्या वस्तूंची यादी असते, घरी वापरायचं सीपॅप बहुधा तीत असतं. सीजीएचएस (केंद्र सरकारची आरोग्य योजना) लाभार्थींनी खरेदीआधी परवानगी घ्यावी, स्लीप स्टडीचा रिपोर्ट लागतो. आधी विकत घेऊन मग बिल पाठवलं की फाइल अडकते.

लोडशेडिंग असेल तर: ह्युमिडिफायर आणि तापणारी नळी बंद केली की वीज बरीच कमी लागते. सरासरी ३० वॉट धरले तर ८ तासांना २४० वॉट-तास. १५० एएचची चांगली इन्व्हर्टर बॅटरी सहज पुरते. इन्व्हर्टर साइन वेव्हचा घ्या. मशीनच्या कंपनीचा डीसी कन्व्हर्टर लावला तर इन्व्हर्टर न वापरता बॅटरीवरूनही चालतं.

बोरवेल

आणि रेल्वेत? पुणे-नागपूर रात्रीची गाडी.

ओसाड_गाव

रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट बंद ठेवण्याचा रेल्वेचा नियम आहे, म्हणजे नेमकी झोपेची वेळ. बॅटरी सोबत घ्या, ह्युमिडिफायर घरी ठेवा, आणि खालचा बर्थ मागा. वरच्या बर्थवर नळी खाली लोंबते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यात अडकते. विमानात मशीन केबिनमध्येच न्या, टाकी रिकामी आणि कोरडी करून.